मीटरपुढचा एक पन्हा



आम्ही पारोळा आणि धुळे यांच्या मधल्या एका गावातल्या बचतगटाच्या बायका. रेडिओच्या ताईंनी विचारलं, कोणत्या विषयावर बोलणार? आम्ही म्हटलं, मीटरच्या पेटीवर. त्या म्हणाल्या, म्हणजे वीजबिलावर का? बिलावर नाही. बिलावर बोलायला बसलो तर हा अर्धा तास पुरायचा नाही. आम्हाला बोलायचं आहे पेटीच्या पुढच्या जमिनीवर. भिंतीवर पेटी असते, तिच्यासमोर दोन-अडीच हात जागा असते, आणि ती जागा बहुतेक कुणाच्याच घरी मोकळी नसते. त्या जागेवर.

तुम्ही घरी बसून ऐकत असाल तर जरा उठा आणि बाहेर जाऊन आपली पेटी बघून या. आम्ही थांबतो.

काय दिसलं? आमच्या आळीत आम्ही पहिल्यांदा असं मुद्दाम बघत फिरलो तेव्हा जे दिसलं ते सांगतो. पेटीखाली पऱ्हाट्यांचा भारा. पेटीखाली पाण्याचे निळे ड्रम, ओळीने तीन. एके ठिकाणी गोवऱ्यांचा ढीग पेटीच्या झाकणापर्यंत आलेला. एके ठिकाणी शेळी बांधलेली, आणि तिचा दोर थेट मीटरच्या पाइपाला. कपडे वाळत घालायची लोखंडी तार तर पेटीच्या खिळ्यापासूनच निघालेली, आणि तिच्यावर ओली साडी. एका घरी पेटीचं झाकणच उघडत नव्हतं, कारण समोर मोटरसायकल. आणि एका घरी पेटीच्या बरोबर खाली तुळशीवृंदावन, म्हणजे रोज सकाळी तिथे पाणी.

आता कुणी म्हणेल, बायकांना शिस्त नाही. तसं नाही हो. घरकुल किती फुटांचं असतं ते आपल्याला माहीत आहे. २६९ चौरस फूट. त्यात माणसं राहतील, धान्य राहील, सरपण कुठे राहील? नळाला पाणी रोज येत नाही, आमच्याकडे तर कधी आठ-दहा दिवसांनी येतं, मग ड्रम भरून ठेवायलाच लागतात, आणि ते आत ठेवले तर झोपायचं कुठे? बाहेरची भिंत ही एकच भिंत हाताशी असते. मीटर त्याच भिंतीवर येतो, कारण खांबावरची तार तिथे जवळ पडते आणि रीडिंग घेणाऱ्याला बाहेरूनच दिसतं. म्हणजे एकाच भिंतीवर दोघांचा हक्क, विजेचा आणि चुलीचा. आणि मीटर कुठे बसवायचा हे ठरताना घरातल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. ठेकेदार, वायरमन आणि घरातला पुरुष उभे राहतात, बोट दाखवतात, खिळे ठोकले जातात. त्या भिंतीशी दिवसभर वावरते ती मात्र आतून चहा घेऊन येते.

आता हा विषय आमच्या डोक्यात कुठून आला ते सांगतो.

मागच्या वैशाखातली गोष्ट. आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की दुपारी घराघरात कूलर. आमच्या गटातल्या एकीची धाकटी जाऊ पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी ओतत होती. कूलर चालूच होता. बंद करून पाणी ओतावं हे सगळ्यांना माहीत असतं, पण एवढ्या उन्हात कोण खाली वाकून बटन बंद करतं? ओल्या हाताने तिने पत्रा धरला आणि हात सुटेना. तोंडातून आवाजही निघेना. थोरली जाऊ ओसरीत बिबडे काढत होती. तिने बघितलं आणि तिला एवढं सुचलं की हात लावायचा नाही, मीटरवरचा खटका पाडायचा. ती बाहेर धावली. पेटीपुढे पऱ्हाट्यांचे भारे, त्यांच्यापुढे भरलेले दोन ड्रम. भरलेला ड्रम बाईच्या हाताने हलत नाही. ती भाऱ्यांवर चढली, भारा घसरला, पाय आत गेला. पेटीच्या झाकणाला हात पुरला तर झाकणाला आतून तार गुंडाळलेली, वाऱ्याने उघडू नये म्हणून. शेजारची म्हातारी ओरडत होती, "बटन कोठे शे? बटन कोठे शे?" शेवटी सासूबाईंनी आतून लाकडी मुसळ घेतलं आणि कूलरची वायर प्लगमधून मारून तोडली.

जाऊबाई वाचली. डाव्या हाताची दोन बोटं भाजली ती अजून पुरती मिटत नाहीत. कापूस वेचायला जाते, पण पूर्वीएवढा होत नाही. तिनेच सांगितलं की हे रेडिओवर सांगा, फक्त नाव घेऊ नका.

हात का चिकटतो, ते आम्ही नंतर विचारून घेतलं. वीज हाताच्या स्नायूंतून गेली की स्नायू आखडतात, मूठ आपोआप मिटते, आणि ज्या वस्तूने धक्का दिला तीच वस्तू आपण घट्ट धरतो. आपण ठरवून धरत नाही, सोडायचं ठरवलं तरी सुटत नाही. त्याला करंट फार लागत नाही. ३० मिलिअँपिअर करंट छातीतून काही वेळ गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवतो ना? तो पेटायला जेवढा करंट लागतो त्याचा हा आठवा-नववा हिस्सा. आणि मेन स्विचवरची फ्यूज जळायला कितीतरी अँपिअर लागतात. म्हणजे फ्यूज घर जळू नये म्हणून असते, आपण मरू नये म्हणून नाही. माणूस चिकटलेला असतो आणि फ्यूज शाबूत असते. म्हणून तो खटका हाताने पाडावा लागतो, आणि म्हणून त्याच्यापर्यंत सरळ, न अडखळता पोहोचता यायला हवं.

पोहोचता आलं नाही तर काय, हेही इथेच सांगून टाकतो. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, त्याच्या अंगावरचा ओला कपडाही धरायचा नाही. आपण कोरड्या जागी, चप्पल घालून उभं राहायचं, आणि कोरड्या लाकडी काठीने, मुसळाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने वायर किंवा माणूस बाजूला करायचा. आमच्या सासूबाईंनी वायर तोडली ते त्या घाईत निभावलं, पण तुटलेल्या वायरचं टोक पायाशी पडू शकतं, म्हणून शक्यतो ढकलायचं. हे फक्त घरातल्या वायरीला लागू. खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठी घेऊनही जवळ जायचं नाही, लांब राहायचं आणि महावितरणला कळवायचं. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोराने, भराभर दाबत राहायचं. आमच्या गावच्या आशाताईंनी हे उशीवर करून दाखवलं. तुमच्याकडच्यांना विचारा.

आता दुसरं माणूस. हे आपल्या घरातलं नसतं म्हणून आपण त्याचा विचार करत नाही. वायरमन.

पावसाळ्यात रात्री लाइट गेली की आपण त्याला फोन करतो. तो येतो, भिजलेला, टॉर्च तोंडात धरून. आणि आपल्या ड्रमवर चढून पेटी उघडतो. आमच्याकडे येणाऱ्या वायरमन भाऊंना आम्ही गटाच्या बैठकीत बोलावलं आणि विचारलं की तुम्हाला कसली भीती वाटते. आम्हाला वाटलं, खांबावरची सांगतील. ते म्हणाले, खांबावर चढताना मी खालून लाइन बंद करून घेतो, तुमच्या दारात तसं नसतं. तुम्ही मेन स्विच पाडला तरी मीटरच्या आधीची तार जिवंतच असते, खांबावरून आलेली. मी तिथे हात घालतो तेव्हा माझ्या कोपराला मागे गोठ्याचा पत्रा लागत असतो.

कोपराला पत्रा लागणं म्हणजे काय, हे त्यांनी दाखवलं. पुढे हातात जिवंत तार, मागे जमिनीला जोडलेलं लोखंड, मध्ये छाती. धक्का बसला की माणूस मागे फेकला जातो किंवा मागे सरकू बघतो. मागे मोकळी जमीन असेल तर तो सुटतो. मागे पत्रा, ओली भिंत, लोखंडी फाटक, नळाची तोटी असेल तर वीज त्याच्यातून पलीकडे निघून जाते. म्हणजे ती मोकळी जागा नुसती उभं राहायला नाही. मागे सरायला आहे. हे आम्हाला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. आपल्या दारात आलेल्या पाव्हण्याला आपण पाट देतो, आणि ह्या माणसाला उभं राहायला ड्रमचं झाकण देतो. पऱ्हाट्यांत हात घालताना साप-विंचवाची भीती वेगळीच.

किती जागा सोडायची? याला नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वीज-सुरक्षेच्या नियमांत लिहिलं आहे की स्विचबोर्डापुढे किमान १ मीटर जागा मोकळी हवी. हा नियम २५० व्होल्टच्या वरच्या, म्हणजे थ्री-फेजच्या बोर्डांसाठी आहे. आपल्या घरातली साधी वीज २३० व्होल्टची. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणेल, तुमच्या मीटरला हा नियम लागूच नाही. म्हणू द्या. २३० व्होल्टने माणूस मरतो, आणि मागे सरायला माणसाला तेवढीच जागा लागते. अमेरिकेत घरच्या पॅनलपुढेही ३ फूट खोल, अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच जागा मोकळी ठेवायला सांगतात. तिकडची घरं मोठी, आपली लहान, पण माणूस तेवढाच.

मीटरपट्टी प्रत्येकीकडे नसते. आम्ही एक माप काढलं. साडीचा पन्हा. साधारण ४४-४५ इंच असतो, म्हणजे मीटरहून थोडा जास्तच. साडीचा एक काठ भिंतीला लावायचा, दुसरा काठ जिथे येईल तिथपर्यंत काही ठेवायचं नाही. रुंदीला आपलं लहान दार असतं तेवढं, अडीच फूट. आणि वर, डोक्यावर हात उंच केला तर तार, दोरी, पत्र्याची कडा काही लागू नये. पेटीचं झाकण पूर्ण उघडलं पाहिजे, अर्धवट नाही. झाकणाला तार गुंडाळायची नाही, साधी कडी लावायची, जी पोरालाही काढता येईल. एवढंच माप. आम्ही प्रत्येकीच्या दारात साडी अंथरून बघितलं आणि तेवढी चौकट चुन्याने आखली. पोरांनी त्या चौकटीला लगेच लंगडीचं घर करून टाकलं, ती गोष्ट वेगळी. पोरांना हाकलावं लागतं, पण सरपण टाकायला गेलेला हात चुना बघून थांबतो, हे खरं.

हलवाहलवी मात्र सोपी नव्हती. पऱ्हाट्या आम्ही पुढे-मागे न करता सरळ भिंतच बदलली, उगवतीकडच्या भिंतीला नेल्या. तिथे ऊन लागतं, पण सरपणाला उन्हाचं काय? उलट सुकतं. मीटरखाली पऱ्हाट्या ठेवणं याचं आणखी एक भय आहे. वायरीचा जोड ढिला असला की ठिणगी उडते. वैशाखात पऱ्हाटी कशी असते ते आपल्याला सांगायला नको, चुलीत घातली की भसकन पेटते. ड्रमसाठी दोन घरांनी मिळून मधल्या बोळात विटांचा ओटा केला. कपड्यांची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी लावली, आणि ती पेटीपासून लांब. तुळशीचं काय करायचं यावर सर्वात जास्त बोलणं झालं. वृंदावन हलवायला ती म्हातारी तयार नव्हती, आणि आम्ही जबरदस्ती केली नाही. मग तिच्याच सुनेने वाट काढली. तुळशीचं लग्न झाल्यावर नव्या जागी वृंदावन बांधलं, आणि म्हातारीनेच पहिली पणती लावली.

गटाची मिरची-कांडप आणि पिठाची गिरणी जिथे आहे तिथली गोष्ट वेगळी. तिथे थ्री-फेज आहे, तेव्हा तो १ मीटरचा नियम तिथे शब्दाला शब्द लागू. त्याच नियमात एक मजेशीर वाटेल अशी गोष्ट आहे. बोर्ड भिंतीला चिकटलेला नसेल आणि त्याच्या मागच्या बाजूला उघडे जोड असतील, तर मागची जागा २० सेंटिमीटरहून कमी तरी हवी, नाहीतर ७५ सेंटिमीटरहून जास्त हवी. मधली चालत नाही. आम्ही विचारलं, असं का? कारण मधल्या जागेत माणूस कसाबसा शिरतो आणि अडकतो. एक तर शिरताच येऊ नये, नाहीतर शिरून नीट बाहेर पडता यावं. आमच्या गिरणीत बोर्डाच्या मागे बरोबर तशी एक फुटाची फट होती, आणि तिच्यात आम्ही रिकामी पोती कोंबत होतो. आता बोर्ड भिंतीला सरकवला आहे. तो आम्ही नाही सरकवला, परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतला.

हे नीट ऐका, कारण इथे चूक होते. आपण जागा हलवायची, सामान हलवायचं. मीटर हलवायचा नाही. मीटरला सील असतं, ते तोडणं गुन्हा आहे, आणि मीटरच्या आधीची तार आपण बंद करूच शकत नाही. पेटीची जागाच चुकीची असेल, मोरीवर असेल, जिन्याखाली असेल, तर महावितरणच्या कार्यालयात मीटर स्थलांतराचा अर्ज करायचा आणि पैसे भरून त्यांच्याकडून हलवून घ्यायचा. तक्रारीसाठी १९१२ हा नंबर आहे, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही आहेत. पेटीला हात लावला की चिमटे येतात, पेटी तापते, करपल्यासारखा वास येतो, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी कळवायचं, बिलाच्या तारखेची वाट बघायची नाही.

आणि सध्या एक संधी आहे. ठिकठिकाणी जुने मीटर काढून नवे बसवत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतून छपरावर सौर पॅनल बसवणारी घरंही आता गावात दिसतात. पॅनल आलं की त्याच भिंतीवर इन्व्हर्टर येतो, आणखी एक-दोन पेट्या येतात, दुसरी अर्थिंग येते. शिवाय दिवसा ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणारी वायर जिवंत असते, मेन स्विच पाडला तरी. काम करणारी माणसं दारात आली की चहा ठेवायच्या आधी बाहेर या आणि विचारा, ही पेटी कुठे बसणार? मोरीचं पाणी इकडे उडतं, इथे नको. माझ्या डोळ्यांच्या उंचीला लावा, माझ्या नवऱ्याच्या नाही. खटका पाडायला दिवसा घरात मीच असते. आमच्यातल्या एकीने असं विचारलं तर ते काम करणारे भाऊ आधी हसले, मग पेटी वीतभर खाली घेतली.

अर्थिंगचं थोडक्यात. अर्थिंगचा खड्डा पेटीजवळच असतो, त्याच्यावरही काही ठेवायचं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, मग अर्थिंग नावालाच उरते. चैत्र ते ज्येष्ठ त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं. आणि शक्य असेल तिने ईएलसीबी बसवून घ्यावा, ३० मिलिअँपिअरचा. माणसातून वीज जमिनीत जायला लागली की तो डोळा मिटायच्या आत आपणहून पडतो. त्याच्यावर चाचणीचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. हप्ता भरायच्या दिवशी दाबायचं असं आम्ही ठरवलं आहे, म्हणजे विसरत नाही. तो एका कूलरहून स्वस्त पडतो. आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून आधी त्या जाऊबाईच्या घरी बसवला.

येत्या श्रावणात कानबाई बसतील. मंडपाची लायटिंग, भोंगा, सगळ्याची वायर कुणाच्या ना कुणाच्या मीटरवरून घेतली जाते, कटाउटमध्ये नुसत्या वायरी खोचून. यंदा आमच्या महिला ग्रामसभेत आम्ही हा विषय ठेवणार आहोत, की मंडपाला वायरमनकडून नीट कनेक्शन घ्यावं आणि ज्या पेटीवरून घेतलं तिच्यापुढे रोटांच्या दिवशी चपलांचा ढीग होऊ नये. बघू, कोण ऐकतं.

सगळं जमलं असं मात्र नाही. आमच्या आळीच्या टोकाला दोन घरं आहेत, समोरासमोर. मधली बोळ इतकी अरुंद की पेटीपुढे साडी अंथरली तर तिचा काठ समोरच्या घराच्या भिंतीवर चढतो. मोकळी करायला जागाच नाही. महावितरणकडे अर्ज दिला आहे, पण मीटर हलवायचा कुठे हेच ठरत नाही, कारण दोन्ही घरांची दुसरी भिंत दुसऱ्याच्या जागेत आहे. तोवर त्या बोळात कुणी काही ठेवायचं नाही आणि दोन्ही घरांनी एकमेकांचा खटका ओळखून ठेवायचा, एवढंच आम्ही केलं आहे. तुमच्या गावात अशा बोळीवर कुणी उपाय काढला असेल तर रेडिओच्या पत्त्यावर कळवा. आम्ही येऊन बघून जाऊ.